परदेशात गेलेले काही अमेरिकन 'आता बरं चाललंय' असं का म्हणतात?

सायली_आम्स्टेलवेन

अमेरिकेत जावं की नाही, गेलो तर परत यावं की नाही, यावर इथे भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते अमेरिकेतच जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या आणि तरीही तिथून बाहेर पडलेल्या माणसांबद्दल.

आम्ही आम्स्टेलवेनला राहतो. ॲमस्टरडॅमला लागून असलेलं हे गाव भारतीयांनी भरलेलं आहे, ते बऱ्याच जणांना माहीत असेल. पण आमच्या गल्लीत अलीकडे अमेरिकन कुटुंबंही वाढली आहेत. यांना कंपनीने पाठवलेलं नाही, आपणहून आलेली मंडळी आहेत, आणि बहुतेक जण 'डाफ्ट'वर आलेत. १९५६ साली अमेरिका आणि नेदरलँड्समध्ये मैत्रीचा करार झाला. त्याच्या आधारे अमेरिकन माणसाला स्वतःच्या धंद्यात ४,५०० युरो घालून इथे राहायचा परवाना मिळतो. आपल्याला अशी सोय नाही.

शेजारचं जोडपं ओहायोचं. ती डिझायनर, तो लाकडी फर्निचर बनवतो. त्याला लहानपणापासून टाइप वन मधुमेह, म्हणजे इन्शुलिनशिवाय एक दिवसही निघत नाही. ओहायोत तो एका गोदामात मॅनेजर होता. काम मनाविरुद्ध, पण सोडायची सोय नव्हती, कारण घरातल्या सगळ्यांचा आरोग्यविमा त्या नोकरीला बांधलेला. सुतारकाम शनिवार-रविवारी गॅरेजमध्ये चालायचं. आज त्याचं इथे स्वतःचं वर्कशॉप आहे. इथे प्रत्येकाने मूळ विमा घ्यायचाच असतो, आणि आजार आहे म्हणून कंपनी विमा नाकारू शकत नाही किंवा हप्ता वाढवू शकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. मोठ्यांनी वर्षाला पहिले ३८५ युरो खिशातून भरायचे, फॅमिली डॉक्टरकडे जाणं त्यातही धरत नाहीत. कमाई ओहायोतल्यापेक्षा कमी आहे, हे तो स्वतःच सांगतो. पण ज्या देशाला सगळं जग उद्योजकांचा देश म्हणून ओळखतं, तिथल्या माणसाला स्वतःचा धंदा काढायची हिंमत परक्या देशात आली, हे मला फार खोलवर लागलं.

नोकरी आणि विमा यांची ही गाठ कुणी ठरवून मारलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने पगारवाढीवर बंधनं घातली. पगार वाढवता येईना, तेव्हा माणसं टिकवायला कंपन्यांनी विमा देऊ केला. पुढे १९५४ च्या करकायद्यात त्याला कायमची करसवलत मिळाली. युद्ध संपलं, गाठ राहिली.

शेजाऱ्यांचा धाकटा मुलगा इथे झाला. इथे बाळंतपणानंतर सुमारे आठवडाभर प्रशिक्षित सेविका रोज घरी येते, याला 'क्रामझोर्ग' म्हणतात, आणि हे मूळ विम्यातच धरलेलं असतं. बाळाचं वजन, आईचे टाके, दूध नीट उतरतंय का, हे सगळं ती बघते. वर मोठ्या मुलीला खाऊ घालते, स्नानघर धुते, भेटायला आलेल्यांना चहा करते आणि ठरलेल्या वेळी त्यांना घालवूनही देते. मी बाळ बघायला गेले तेव्हा तिने टोस्टवर लोणी लावून त्यावर बडीशेपेच्या रंगीत साखरगोळ्या पेरून दिल्या. बाळ झालं की इथे हे वाटतात. आईला फोनवर सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, "बाळंतशेपा नाही का देत बाळंतिणीला?"

थोरलीच्या वेळी ओहायोत शेजारीण सहाव्या आठवड्यात कामावर हजर झाली होती. १९९३ च्या अमेरिकन कायद्याने बारा आठवडे रजा मिळते, पण बिनपगारी, आणि तीही निदान ५० माणसं असलेल्या ठिकाणी. हिचा स्टुडिओ लहान होता.

आता शेवटचं, जे लिहिताना मला जड जातंय. थोरली इथल्या शाळेत नवीन असताना आगीच्या सरावाची घंटा झाली. सगळी मुलं ओळीने बाहेर गेली. ही दिसेना. बाईंना ती कपाटामागे सापडली, गुडघे पोटाशी घेतलेली आणि हाताने तोंड दाबून धरलेलं. ओहायोत तिला हेच शिकवलं होतं: बंदूकवाला आला तर दिवे घालवायचे, आवाज करायचा नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या प्राथमिक शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, त्याच आठवड्यात या दोघांनी निघायचं ठरवलं होतं.

मला वाटतं, यांचं आयुष्य बरं झालं ते पैशाने किंवा हवापाण्याने नाही. मनातली कायमची धास्ती गेली म्हणून. आजारी पडलो तर, नोकरी गेली तर, मूल शाळेतून परत आलं नाही तर. तुम्ही कुठे असाल तिथे असे अमेरिकन पाहिले असतील, तर लिहा.

---

विनायक_एडिसन

सायली, मनापासून लिहिलं आहेस. शाळेचं वाचून बराच वेळ पुढे सरकता आलं नाही. माझी दोन्ही मुलं न्यू जर्सीच्या सरकारी शाळेत जातात, हे सराव त्यांच्याही शाळेत होतात, आणि त्या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही. २०२० पासून अमेरिकेत मुलं आणि किशोरवयीन यांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे. आधी ते वाहन अपघात होतं.

बाकीच्या बाबतीत मात्र दुसरी बाजू मांडली पाहिजे.

एक म्हणजे अमेरिका हा एकच देश धरून चालत नाही. न्यू जर्सीत २००९ पासून, कॅलिफोर्नियात २००४ पासून पगारी कौटुंबिक रजा मिळते. ओहायोत नाही. तुझी शेजारीण इथे न्यू जर्सीत, नेवार्कला असती, तर तिची गोष्ट वेगळी असती.

दुसरं, २०१० च्या आरोग्यविमा कायद्यानंतर, २०१४ पासून, आधीच्या आजारामुळे विमा नाकारता येत नाही. म्हणजे कागदावर तुझा शेजारी नोकरी सोडू शकत होता. प्रश्न हप्त्याचा होता. नोकरीतल्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक खर्च २०२४ मध्ये २५,५७२ डॉलर होता, पैकी कामगाराच्या पगारातून जात होते ६,२९६. उरलेले मालक भरतो. नोकरी सोडली की तो सगळा आकडा अंगावर येतो, तेव्हा कुठे कळतं की पगार किती होता. त्यामुळे तुझा मुद्दा खरा आहे, फक्त अडचण कायद्याची नसून किमतीची आहे.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे गेले आणि रमले, तेच बोलतात. जे दोन वर्षांत कंटाळून ओहायोला परतले, ते कुणाला सांगत बसत नाहीत. अमेरिकन जनगणनेत परदेशी राहणारे सामान्य नागरिक मोजलेच जात नाहीत, त्यामुळे किती गेले आणि किती परतले याचा पक्का हिशेब कुणाकडेच नाही. 'काही अमेरिकन' हा तुझ्या शीर्षकातला शब्द म्हणूनच आवडला.

---

सायली_आम्स्टेलवेन

विनायकदादा, राज्याराज्यातला फरक तुम्ही आणलात ते बरं झालं. आणि परतणारे इथेही आहेत. पलीकडच्या रांगेतलं एक टेक्ससचं कुटुंब परत गेलं. घर मिळेना हे मुख्य कारण. या देशात जवळजवळ चार लाख घरांचा तुटवडा आहे, आणि नव्या माणसाला भाड्याचं घर मिळवताना रडू येतं. शिवाय इथला डॉक्टर पहिल्या भेटीत पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा म्हणतो. अमेरिकेत पैसे असतील तर तज्ज्ञ डॉक्टर लगेच भेटतो. त्या कुटुंबातल्या बाईंना ते अजिबात सोसलं नाही.

---

पेठेतला

सायली, नेदरलँड्सचं ठीक आहे, देश सपाट, गावं लहान, म्हणून सायकली चालतात आणि मुलं एकटी शाळेत जातात. अमेरिका एवढी पसरलेली, तिथे गाडीशिवाय जमणारच नाही. ही तुलना बरोबर आहे का?

---

सायली_आम्स्टेलवेन

बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर इथल्याच इतिहासात आहे. साठच्या दशकात डच लोकही गाड्यांच्या मागे लागले होते. चौक फोडून रस्ते रुंद झाले. १९७१ मध्ये एवढ्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांची हत्या थांबवा' असं त्यांनी चळवळीचं नावच ठेवलं, रस्त्यांवर सायकली घेऊन आडवे झाले. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारलाही हलवलं. आज दिसतात ते सायकलमार्ग तिथून पुढे पन्नास वर्षं खपून झालेले आहेत. जमीन तेव्हाही सपाटच होती.

पुणं सायकलींचं शहर होतं, हे पेठेतल्या माणसाला मी काय सांगणार. तिथेही जमीन बदललेली नाही.

माझ्या शेजारणीला इथे सगळ्यात जास्त काय आवडतं विचारलं, तर ती विमा म्हणत नाही. थोरली एकटी सायकलवर पोहायला जाते, हे म्हणते. ओहायोत तिचा रोजचा दीड-दोन तास मुलीची ने-आण करण्यात गाडीत जायचा. २०२२ मध्ये अमेरिकेत साडेसात हजारांहून अधिक पादचारी वाहनांखाली मेले. तिथे कुठलीच आई पोरीला एकटं सोडणार नाही, आणि त्यात तिचा दोष नाही.

---

तळ्याकाठी

मी मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहे, आयटीत. इथून तासाभरावर चापाला तळं आहे, मेक्सिकोतलं सगळ्यात मोठं. त्याच्या काठचं आहिहिक हे गाव निवृत्त अमेरिकन आणि कॅनेडियन लोकांनी भरलेलं आहे. सायलीच्या शेजाऱ्यांपेक्षा ही माणसं अगदी वेगळी. पासष्ट ते ऐंशी वयाची, बहुतेक एकटी, निम्म्याहून जास्त बायका असाव्यात असं मला दिसतं.

यांचं गणित सोपं आहे. अमेरिकन निवृत्तांना सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, सरासरी महिना दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात. ॲरिझोनात एवढ्यात भाडं आणि औषधं भागवताना जीव मेटाकुटीला येतो. आहिहिकमध्ये बागेसकट छोटं घर, आठवड्यातून दोनदा कामाला बाई, आणि बाहेर जेवण होऊनही थोडं उरतं. पण पैशापेक्षा मला तिथे दुसरंच दिसलं. मी ज्या आजींकडे स्पॅनिश-इंग्रजीची देवाणघेवाण करायला जातो, त्या बुधवारी बाजाराला निघाल्या की तीनशे मीटर जायला तास लागतो. भाजीवाली थांबवते, न्हावी थांबवतो, चर्चच्या पायरीवर बसलेली म्हातारी थांबवते. त्या कान्सासच्या एका उपनगरात एकट्या राहायच्या. शेजाऱ्याचं गॅरेजचं दार उघडताना दिसायचं, शेजारी दिसायचा नाही. "मी पडले असते तर टपालवाल्याला कळलं असतं," असं त्या सांगतात.

काळजीची बाजूही सांगतो. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा अमेरिकन सरकारी विमा, देशाबाहेर जवळजवळ चालत नाही. मेक्सिकोच्या सरकारी विम्यात स्वखर्चाने जाता येतं, पण आधीचे कित्येक आजार त्यात धरत नाहीत. मग मोठं दुखणं आलं की लोक विमानाने परत जातात. मेडिकेअरचा 'बी' भाग, म्हणजे डॉक्टरांच्या फीचा, परदेशात काय कामाचा म्हणून घेतला नाही आणि नंतर घ्यायला गेलं, तर उशीर झालेल्या प्रत्येक पूर्ण वर्षाला हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो दंड सहसा कायम राहतो. कुणाचे मावशी-काका असा विचार करत असतील तर हे जरूर सांगा.

---

निशिगंध_लिस्बन

तळ्याकाठी, मेक्सिकोची दुसरी बाजूही इथे यायला हवी. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत रोमा आणि कोंदेसा या भागांत मोर्चे निघाले, डॉलरमध्ये कमावणाऱ्यांमुळे भाडी चढली म्हणून. मी लिस्बनला आहे, आमच्याकडे तेच.

पोर्तुगालच्या 'डी सेव्हन' व्हिसाला महिना किमान वेतनाएवढं बाहेरचं उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ मध्ये ते ८७० युरो होतं. अमेरिकन पेन्शनरला हे अगदीच किरकोळ. पण या आकड्याकडे इथल्या माणसाच्या बाजूने बघा. पूर्ण वेळ राबून त्याला जे मिळतं, ते पाहुण्यासाठी प्रवेशाची पायरी आहे. लिस्बनमध्ये एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं घर हजार युरोंच्या खाली मिळणं कठीण झालंय. माझ्या ऑफिसातली तिशीची पोर्तुगीज मुलं अजून आईवडिलांकडे राहतात, लग्न ठरलेलं असूनही. २०२३ मध्ये घरांसाठी गावोगाव मोर्चे निघाले. त्याच वर्षी सरकारने घर विकत घेऊन गोल्डन व्हिसा, म्हणजे गुंतवणुकीच्या बदल्यात राहायचा परवाना, मिळवायची वाट बंद केली, आणि २००९ पासूनची परदेशी लोकांची खास करसवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली.

सगळा दोष अमेरिकनांचा नाही. पर्यटकांना दिलेली घरं, वर्षानुवर्षं न बांधलेली स्वस्त घरं, हे मोठं कारण आहे. पण 'माझं आयुष्य बरं झालं' म्हणताना ते कुणाच्या जागेवर उभं आहे, हे विचारायलाच हवं. माझ्या ओळखीची एक अमेरिकन शिक्षिका हे विचारते. ती मुद्दाम पोर्तुगीज शिकली आणि पालिकेच्या वाचनालयात मुलांना इंग्रजी शिकवते. सरकारी दवाखान्यात इतरांसारखी रांगेत बसते. इथली सरकारी आरोग्यसेवा १९७९ पासूनची आहे, चांगली आहे, पण पंधरा लाखांहून जास्त लोकांना नेमून दिलेला फॅमिली डॉक्टर नाही. तिलाही नाही.

परवान्याच्या कामाला लागणारा वेळ हाही एक छळ आहे. २०२३ मध्ये परदेशी लोकांचे परवाने बघणारं जुनं सरकारी खातं मोडून नवं काढलं, तेव्हा लाखो प्रकरणं तुंबलेली होती.

---

रानजाई

इतिहास शिकवते म्हणून एक भर घालते. अमेरिका सोडून बरं वाटणं ही आजची गोष्ट नाही. काळ्या अमेरिकनांसाठी ती शंभर वर्षांची आहे. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर १९२५ मध्ये पॅरिसला गेल्या, लेखक रिचर्ड राइट १९४६ मध्ये. लेखक जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये खिशात चाळीस डॉलर घेऊन उतरले. विमा, रजा, भाडं यांचा तिथे संबंध नव्हता. कॅफेत बसलं तर उठवत नाहीत, एवढं पुरेसं होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस नव्वदी पार करून १९६१ मध्ये घानाला गेले आणि १९६३ मध्ये अक्रातच वारले. २०१९ हे घानाने 'परतण्याचं वर्ष' म्हणून साजरं केलं, गुलामांचं पहिलं जहाज व्हर्जिनियाला लागल्याला चारशे वर्षं झाली म्हणून. त्या नोव्हेंबरात १२६ जणांना घानाचं नागरिकत्व दिलं.

पण बाल्डविन यांना पॅरिसमध्ये आणखी एक दिसलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. जी वागणूक त्यांना अमेरिकेत मिळाली, ती पॅरिसमध्ये अल्जीरियन माणसाला मिळत होती. ते स्वतः वाचले, कारण ते अमेरिकन होते. पासपोर्टने दिलेली ही मोकळीक निशिगंध म्हणतायत त्याच धाग्यातली आहे. चांगुलपणा देशाचा असतोच, पण तो कुणाला मिळतो हे तुम्ही कुठून आलात यावर ठरतं.

---

कृष्णाकाठ

मी वाळवा तालुक्यातला. इथे सगळे सोयींबद्दल बोलत आहेत, म्हणून आमच्या कासेगावच्या गेल ऑम्वेट यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. जन्म मिनियापोलिसचा, डॉक्टरेट बर्कलीची, विषय पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ. भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कासेगावातच त्यांनी देह ठेवला. त्या काळात अमेरिकन पासपोर्ट सोडून सांगली जिल्ह्यातल्या गावात राहायचं म्हणजे काय, ते आज कळणार नाही. लोडशेडिंग होतं, एसटी होती. त्या दुष्काळी परिषदांना लोकांबरोबर सतरंजीवर बसायच्या. माझ्या वडिलांना त्यांनी फुल्यांवर मराठीतून प्रश्न विचारले होते. वडील ते अजून सांगतात.

फलटणला मॅक्सीन बर्नसन होत्या. तिथल्या लोकांच्या मॅक्सीनमावशी. त्याही अमेरिकेच्या, त्यांनीही भारतीय नागरिकत्व घेतलं. वस्तीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवता शिकवता शाळा उभी केली. त्या शाळेला नाव दिलं कमला निंबकरांचं, आणि त्याही जन्माने अमेरिकनच. मुंबईत १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय त्यांनी काढलं.

या बायकांना इथे आल्यावर काय सोपं झालं? काहीच नाही. तरी त्यांना परत जावंसं वाटलं नाही. धास्ती कमी होणं हे एक कारण झालं, सायलीताई. आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, हे दुसरं. तळ्याकाठच्या आजींचंही मला तसंच वाटतं. त्यांना बाजारात लोक थांबवतात, ते स्वस्ताईमुळे नाही.

---

सायली_आम्स्टेलवेन

कृष्णाकाठ, हा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. धन्यवाद.

---

हिशेबनीस

मी पुण्यात सीए आहे. माझे बरेच अशील जन्माने किंवा नंतर अमेरिकन झालेले मराठी लोक आहेत, बाणेर-कोथरूडला परतलेले. वर जे लिहिलंय ते वाचून कुणी निघणार असेल, तर ही बाजू माहीत हवी.

अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही राहिला तरी करविवरण भरायला लावते. असं करणारा दुसरा ठळक देश म्हणजे इरिट्रिया. परदेशातल्या कमाईवर सूट आहे, २०२५ साठी ती १,३०,००० डॉलरपर्यंत, त्यामुळे पगारदाराला बहुधा कर लागत नाही. पण विवरण चुकवायचं नाही. देशाबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी त्याचा वेगळा अहवाल द्यावा लागतो. आईबरोबरचं जॉइंट खातं असलं तरी.

२०१० च्या 'फाटका' कायद्याने परदेशी बँकांनाही कामाला लावलं. अमेरिकन खातेदाराची माहिती त्यांनी द्यायची. भारताने २०१५ मध्ये त्यासाठी करार केला. परिणाम असा की आपल्याकडची कित्येक म्युच्युअल फंड घराणी अमेरिकन नागरिकाचे पैसे घेतच नाहीत. घेतले, तरी अमेरिकेच्या दृष्टीने तो परदेशी फंड, त्याचा कर जाचक आणि प्रत्येक फंडाला वेगळा फॉर्म. एका डॉक्टर बाईंनी हौसेने महिन्याला एसआयपी सुरू केल्या होत्या. त्यांच्या नफ्यापेक्षा विवरण भरायचा खर्च जास्त झाला.

अजून एक. सामाजिक सुरक्षेचा हप्ता दोन्हीकडे भरावा लागू नये म्हणून अमेरिकेने तीसेक देशांशी करार केलेत. नेदरलँड्स त्यात आहे, भारत नाही. म्हणजे सायलीच्या शेजाऱ्याला धंद्यावर अमेरिकेचा १५.३ टक्क्यांचा हप्ता लागत नाही. तोच सुतार पुण्यात वर्कशॉप काढेल, तर लागेल. कुठल्या देशात बरं वाटेल हे अशा कागदांवरही ठरतं.

---

गोदातीर

मी नाशिकचा, वय एकाहत्तर. मुलगा सिॲटलला. हिशेबनीस यांची माहिती मुलाला पाठवली.

मला एक विचारायचंय, सायलीताई. तुमच्या शेजाऱ्यांचे आईवडील ओहायोत असतील ना? ते काय म्हणतात? आमच्या पिढीने मुलांना पाठवलं तेव्हा 'तिकडे चांगलं आहे' एवढ्यावर मनाची समजूत घातली. त्या आईवडिलांना तर तेही म्हणता येत नसेल. जगातलं सगळ्यात चांगलं ठिकाण आपलंच, असं मानत ते वाढले असणार. नातवंडं तिथून निघून गेली, याचं त्यांना कसं वाटत असेल?

---

सायली_आम्स्टेलवेन

काका, ही त्यांची सगळ्यात दुखरी बाजू आहे. तिचे वडील पहिलं वर्षभर फोनवर तुटक बोलायचे. देशाने तुम्हाला काय कमी दिलं, हा त्यांचा प्रश्न होता. ते स्वतः सैन्यात होते. तिची आई मात्र बाळंतपणाला आली होती. क्रामझोर्गवाल्या बाई घरात वावरत असताना त्या कोपऱ्यात बसून राहायच्या. मला वाटलं, परक्या बाईने लेकीचं केलेलं त्यांना रुचत नसेल. निघायच्या आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मला कुणी असं केलं नव्हतं. हिच्यासाठी कुणीतरी केलं." वडील पुढच्या उन्हाळ्यात आले आणि जावयाच्या वर्कशॉपमध्ये रंधा मारत बसले. मतं बदलली असं नाही. पण आता दर रविवारी व्हिडिओ कॉल ते स्वतः लावतात.

अंतर मात्र राहतंच. तिचा भाऊ एकटा तिकडे सगळं बघतो, आणि ते ओझं तिला छळतं. ते कुठलाच देश कमी करत नाही. आपल्यापैकी प्रत्येकाला ते माहीत आहे.

---

जास्वंदी

सगळा धागा वाचला. मी ह्यूस्टनला आहे, नवरा अमेरिकन, आमच्या घरात हीच चर्चा चालू आहे. सायली, तुझे शेजारी पुढे काय करणार? डच नागरिकत्व घेणार? अमेरिकन सोडणार? आम्हाला ठरवताना उपयोग होईल.

---

सायली_आम्स्टेलवेन

जास्वंदी, डाफ्टचा पहिला परवाना दोन वर्षांचा असतो, नूतनीकरण पाच वर्षांचं. दोन्ही वेळा धंद्यात ४,५०० युरो टिकवून ठेवलेले दाखवावे लागतात, हे लक्षात ठेवा. पाच वर्षं सलग राहिल्यावर भाषेची आणि समाजाची परीक्षा देऊन कायमचा रहिवास मागता येतो. तोच त्यांचा बेत आहे, दोघंही डचच्या वर्गाला जातात.

डच नागरिकत्व घ्यायचं तर आधीचं सहसा सोडावं लागतं. जोडीदार डच असेल तर सूट मिळते, यांच्यात कुणीच नाही. अमेरिकन नागरिकत्व सोडायची फी २०१४ मध्ये ४५० डॉलरवरून २,३५० केली होती. पण अडचण फीची नाही, त्यांना ते सोडायचंच नाहीये. धाकट्याच्या जन्माची नोंद त्यांनी ॲमस्टरडॅमच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये केली, पासपोर्टही काढला. दर निवडणुकीला ओहायोतली मतपत्रिका मागवतात आणि भरून पाठवतात. शाळेतल्या बंदुका आणि पगारी रजा, या दोन गोष्टी बघून मत देतो, असं ती सांगते.

तुमच्यासाठी एक सूचना. नवऱ्याच्या नावाने डाफ्ट घेतलात, तर जोडीदार म्हणून तुला इथे नोकरीही करता येते, मग तुझा पासपोर्ट कुठलाही असो. घर मात्र आधी शोधा. आम्स्टेलवेनपेक्षा अल्मेरे किंवा हार्लेममेअरकडे बघा, भाडं थोडं कमी पडतं. खाजगी निरोप पाठव, शेजारणीला विचारून तिच्याशी बोलणं करून देते.